मशिनचा अंगठा

"ही स्प्रिंग मऊ का, आणि ही कडक का?"

दाभाडे बाईंनी पेन्सिलीचं टोक ड्रॉइंगवर टेकवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी चहाचा कप उचलला. कप रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

"ते आमच्या मिस्त्रींनी तसं बसवलंय," मी म्हणालो.

"बसवलं त्यांनी. ठरवलं कुणी?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं! गडहिंग्लजहून पहाटे निघून मी पुण्याला आलो होतो तो वकील करायला, परीक्षा द्यायला नव्हे. पण दोष माझाच. इंजिनीअर झालेला वकील पाहिजे हा हट्ट मीच धरला होता. आमचे घरचे नलवडे वकील जमिनीच्या दाव्यात वाघ. मशिनचे कागद त्यांनी उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाले, "मल्लू, ह्याचा सातबारा कुठं निघतो तेवढं सांग, मग बघतो." आमच्या कारखानदारांच्या संघटनेतल्या एकानं मला शहाणा केला. म्हणाला, पेटंटला साधा वकील करशील तर फसशील. तो तू सांगशील तेवढंच लिहिणार. मग कोणीतरी दोन बोल्ट इकडचे तिकडं करणार, मशिन आपल्या नावावर विकणार, आणि तू बसशील बोंबलत. ज्याला मशिन कळतं असा वकील शोध.

शोधली. शलाका दाभाडे. आधी मेकॅनिकल इंजिनीअर, पाच वर्षं कारखान्यात नोकरी, मग वकिली. वय पस्तिशीचं. टेबलावर कायद्याच्या पुस्तकांशेजारी एक जुना मायक्रोमीटर ठेवलेला.

घाई मला होतीच. काजू फोडायचं मशिन आम्ही केलं होतं. आजरा-चंदगडकडं घरोघर बायका काजू फोडतात. बी वाफवायची, पात्यात धरायची, दांडा दाबायचा. गर अख्खा निघाला तर भाव, तुकडा पडला तर निम्म्यावर. बाजारात मशिनं होती, पण बिया लहानमोठ्या, वाकड्यातिकड्या, त्यामुळं मशिन शंभरातले चाळीस गर फोडायचं. आमचं मशिन शंभरात सहा. बेळगावचा एक कारखानदार गिऱ्हाईक म्हणून येऊन बाहेरून बघून गेला होता आणि जाताना नको तितकं गोड बोलला होता. त्याच्या आधी पेटंटचा अर्ज घालायचा, एवढंच माझ्या डोक्यात.

"घुगरे," बाई म्हणाल्या, "अर्जात दोन नावं असतात. एक अर्जदार, म्हणजे मालक. तो तुमचा कारखाना. दुसरं संशोधकाचं. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याचं. मिस्त्रींच्या डोक्यातून निघालं असेल तर तिथं त्यांचं नाव घालू. ते एका कागदावर सगळा हक्क कारखान्याला लिहून देतील. मालकी तुमचीच राहते. तुमचं काहीसुद्धा जात नाही."

"आणि नाही घातलं तर?"

"खोटं नाव घातलं, आणि उद्या कोर्टात समोरच्या वकिलानं हाच स्प्रिंगचा प्रश्न विचारला, तर पेटंट उडतं."

तिथंच 'मिस्त्रींचं नाव घाला' म्हणालो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. सात-आठ वर्षं झाली त्याला. मी म्हणालो, "मशिन माझ्याच डोक्यातलं आहे, मॅडम. स्प्रिंगचं जरा विसरलो."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "ठीक आहे. पुढच्या बुधवारी मी तुमच्याकडं येते. मशिनसमोर उभं राहून मला सांगा. संशोधकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही."

परतताना कोल्हापुरात मेहुण्याकडं थांबलो. सिद्धू सी.ए. आहे. सगळं ऐकून तो म्हणाला, "दाजी, येड्यासारखं काही करू नका. आज बोट दिलं तर उद्या मनगट धरतील. म्हातारा राहू दे, त्याचा पोरगा येईल वाटा मागायला."

सिद्धूच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं आहे. पण खरं सांगायचं तर मला कुणाच्या वाट्याची भीती नव्हती. दत्तू मिस्त्रींनी तीस वर्षांत पगारवाढसुद्धा तोंडानं मागितली नव्हती. माझं दुखणं वेगळं होतं. आमचा कारखाना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका लेथवर सुरू केला, तेव्हापासून मिस्त्री त्यांच्याबरोबर. मी बी.कॉम. होऊन आलो तेव्हा आप्पा चार माणसांत म्हणायचे, "आमच्या मल्लूला माणसं कळतात. लोखंड कळायला दत्तू हाय." लोक हसायचे. मीही हसायचो. आप्पा गेले, मी मालक झालो, तरी कुठलं गिऱ्हाईक आलं की आधी विचारणार, "मिस्त्री आहेत का?" माझ्या नावाच्या पाटीखाली उभं राहून! ह्या मशिनची बातमी पेपरात आली ती मात्र 'घुगरे यांचे संशोधन' अशी. संघटनेनं सत्काराची तारीख धरली. एकदा तरी लोखंड माझ्या नावावर लागत होतं, ते मला सोडवेना.

रविवारी कारखाना बंद असतो. शनिवारी संध्याकाळी मी मिस्त्रींना म्हणालो, "उद्या येता का जरा? मशिन मला पहिल्यापासून समजावून सांगा. सगळं. का केलं, कसं केलं."

ते माझ्याकडं बघतच राहिले. साठीचा माणूस, बोलण्यात कंजूष. "खरंच म्हणताय?"

"खरंच."

रविवारी सकाळी आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. लग्नाला निघाल्यासारखे. हातात डबा. "हौसानं दिलाय. तुमच्यासाठी बी भाकरी बांधलीया. म्हणाली, मालक शिकाय बसणार म्हटल्यावर उपाशी कसं बसवायचं."

मग त्यांनी मशिन सगळं खोललं. एकेक भाग पुसून फडक्यावर मांडला, आणि बोलायला लागले. तीस वर्षांत मी त्यांचा इतका आवाज ऐकला नव्हता.

"आता बघा, मालक. बाकीची मशिनं काय करत्यात? बी आली की हाणलं पातं. बी कशी बसलीया, मोठी हाय का बारकी, इचारतंय कोण? आमची हौसा वीस वर्सं काजू फोडतीया. तिच्या हातनं तुकडा पडत न्हाई. मला वाटायचं नजर हाय. एक दिवस म्हटलं, डोळं मिट आन् फोड."

"मग?"

"तेवढंच अख्खं! मग कळलं, नजर न्हवं, अंगठा हाय. ती बी धरती, अंगठ्यानं हळू दाबती, बी आपसूक वळून पाठीवर बसती. बसली की अंगठा सांगतो, एवढी जाड हाय. मग दांडा. तीन म्हयनं मी तिचा अंगठाच बघत बसायचो. ती म्हणायची, म्हातारपणी काय येड लागलं ह्यांला, बायकोचा अंगठा बघत्यात!" ते एकटेच हसले. "त्या टरफलाचं तेल लई वंगाळ, मालक. कातडं जळतं. तिचा अंगठा काळा पडलाय, बोटांचं ठसं गेलं. रेशनच्या मशिनवर अंगठा उठत न्हाई तिचा. म्हटलं, ह्यो अंगठा लोखंडाचा करायचा. तिचा सोडवायचा."

मऊ स्प्रिंग ती त्यासाठी. मशिनला रबराचा एक अंगठा होता. तो मऊ स्प्रिंगवर खाली येतो, बी चाचपतो, वळवून बसवतो. बी बसली की मगच कडक स्प्रिंगची पाळी, आणि अंगठा जिथं थांबला असेल त्या मापानं पातं आत जातं, त्याहून एक केसभर जास्त नाही.

"आधी चाचपायचं, मग दाबायचं," मिस्त्री म्हणाले. "उलटं केलं की बी घसरती. डोळं मिटा."

"काय?"

"मिटा की. आन् हितं बोट ठेवा."

मी डोळे मिटून खोबणीत बोट ठेवलं. त्यांनी हातानं दांडा हळू खाली घेतला. रबराचा अंगठा माझ्या बोटावर आला, जरा वळला, थांबला. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदा लोखंड मला कळलं ते त्या सकाळी.

"आज आप्पा पायजे हुतं," मिस्त्री म्हणाले. "मल्लू लोखंड शिकला म्हणून साखर वाटली असती त्यांनी." आणि भाकरी मोडता मोडता, माझ्याकडं न बघता, "मालक, एक नग हौसासाठी घरी न्हेईन म्हणतो. पगारातनं कापा."

"बघू," मी म्हणालो. "आधी पेटंट होऊ दे."

घरी आल्यावर मी सगळं वहीत उतरवून काढलं आणि दोन दिवस पाठ केलं. बी.कॉम.ला केला नव्हता एवढा अभ्यास केला.

बुधवारी बाई आल्या. आल्या आल्या ओढणी कमरेला खोचून मशिनखाली वाकल्या, हात काळे करून घेतले. मिस्त्री मशिन चालवायला शेजारी उभे. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. बाई पुण्याच्या आहेत, मशिन बघायला येणार आहेत, एवढंच.

"सांगा, घुगरे. स्प्रिंग मऊ का?"

मी सांगायला लागलो. आधी चाचपायचं, मग दाबायचं. बाहेरच्या मशिनांत बी कशी बसलीय हे कुणी विचारतच नाही. शब्दसुद्धा त्यांचेच. बोलताना मी मिस्त्रींकडं बघितलं नाही, पण त्यांच्या हातातला सुताचा बोळा दिसत होता. पहिल्यांदा तो हात मशिन पुसत होता. मग थांबला.

"बी ओली असेल तर?"

"रबरावर खाचा आहेत. पाणी त्यातून निघून जातं."

"खाचा आडव्या का?"

"उभ्या असल्या तर बी त्यांच्यात धरली जाते, वळत नाही."

बाई खूश झाल्या. लिहून घेत होत्या. मीही फुगलो होतो, खोटं का बोलू. मग त्यांनी वही मिटली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि हे सुचलं कुठून?"

ह्याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं. वहीत ते लिहिलंच नव्हतं, कारण ते मशिनमध्ये येत नव्हतं. पण बाई वाट बघत होत्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी आई. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. ती काजू फोडायची. डोळे मिटूनसुद्धा तिच्या हातून तुकडा पडायचा नाही. मी लहानपणापासून तिचा अंगठा बघत आलो. टरफलाच्या तेलानं काळा पडला होता. वाटायचं, हा अंगठा लोखंडाचा करावा आणि तिचा सोडवावा."

अव्वाला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. काजूची बी तिनं उभ्या जन्मात हातात धरली नव्हती. आमच्या घरात फोडलेला काजू यायचा, खिरीत.

बाईंचा चेहरा पालटला. "हे अर्जात कुठं येत नाही, घुगरे," त्या म्हणाल्या, "पण मला हेच ऐकायचं असतं. असं कुणी पाठ करून सांगत नाही." मग त्या मिस्त्रींकडं वळल्या. "मिस्त्री, एक विचारते. यात तुमचं काय काय आहे?"

मिस्त्रींनी एकदाच माझ्याकडं बघितलं. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांना नुसतं समजत नव्हतं.

"मालक सांगतील तसं लोखंड वळवलं," ते म्हणाले.

"नक्की?"

"व्हय."

बाईंनी लिहिलं. संशोधक : मल्लिकार्जुन शिवाप्पा घुगरे.

महिनाअखेरपर्यंत मिस्त्री कामावर आले. डोळ्याला दिसत नाही म्हणाले आणि गावी गेले. भांडण नाही, शिवी नाही. मी थांबा म्हणालो नाही. पुढच्या महिन्यात सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि भाषणात मी अव्वाचा अंगठा पुन्हा सांगितला. लोकांनी डोळे पुसले.

अर्ज शेवटी बाद झाला, हे आत्ताच सांगून टाकतो. पेटंट ऑफिसला मुदतीत उत्तर गेलं नाही; का गेलं नाही, ते सांगायचं राहिलंय.

अडीच वर्षांनी पेटंट ऑफिसचं हरकतीचं पत्र आलं. परदेशातल्या कुठल्याशा मशिनमध्येही दोन स्प्रिंगा आहेत, मग तुमचं नवं काय, ते सहा महिन्यांत सांगा. बाईंचा फोन आला. आवाजात काळजी नव्हती. "घाबरू नका. तुम्ही आधी काय काय करून बघितलंत आणि काय फसलं, तेवढं सांगा. त्यावरून फरक दाखवता येईल."

मिस्त्रींनी मला जमलेलं सगळं सांगितलं होतं. फसलेलं मी विचारलंच नव्हतं.

"घुगरे? किती प्रकार टाकून दिलेत? संशोधकाला आधी फसलेलंच आठवतं."

"बघून सांगतो," मी म्हणालो.

बाई सावकाश म्हणाल्या, "मिस्त्री कुठं असतात आता?"

"गावी."

"त्यांना भेटा. संशोधकाचं नाव अजून दुरुस्त करून घेता येईल. मुदतीच्या आत भेटा."

जायला मला चार महिने लागले. लाज म्हणा, हेकटपणा म्हणा. आजऱ्याच्या अलीकडं त्यांचं गाव. दुपारची वेळ. हौसाबाई सोप्यात काजू फोडत बसल्या होत्या. त्याच जुन्या पात्यावर, तेल लागू नये म्हणून हाताला राख लावून. मिस्त्री आतल्या उंबऱ्याजवळ खांबाला टेकून बसले होते. डोळ्याचं निमित्त खरंच झालं होतं. मी बोललो तेव्हा त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"या, मालक. बसा."

मी बसलो. इकडचं तिकडचं बोलत बसलो नाही. "मिस्त्री, चूक झाली. तुमचं नाव घालू. अजून घालता येतंय. तुम्ही फक्त बाईंना सांगायचं, खरं काय ते. आणि काय काय फसलं होतं ते."

मिस्त्रींनी मान हलवली. "मी बाईस्नी सांगितलंय, मालक. त्यांनी दोनदा इचारलं, मी दोनदा सांगितलं. आता एका तोंडानं दुसरं कसं सांगू?"

"पण ते खोटं होतं!"

"व्हय. पण मी बोललो न्हवं ते."

"मशिन तुमचं आहे, मिस्त्री."

"मशिनचं काय न्हाई वो," ते म्हणाले. "मशिन तुमच्याच लोखंडाचं. ते मी तसं बी दिलं असतं. मागितलं असतंसा तर नावासकट दिलं असतं." पुढं काहीतरी म्हणणार होते, पण थांबले आणि बायकोच्या दिशेनं तोंड वळवलं.

हौसाबाईंचे हात इतका वेळ थांबले नव्हते. बी धरायची, अंगठा टेकवायचा, दांडा. त्यांनी मला 'या' म्हटलं नव्हतं, 'जा' म्हटलं नव्हतं. मी आपणहून म्हणालो, "हौसाबाई, त्या दिवशी मी आईचं जे सांगितलं ते... बोलण्याच्या भरात गेलं."

त्यांनी पुढची बी धरली, फोडली, अख्खा गर पाटीत टाकला. मग हात पदराला पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"अव्वा गेल्या तवा तुमच्या भैनी दुपारी पोचल्या, मालक," त्या म्हणाल्या. "तोवर कोण हुतं घरात? शेवटची आंघोळ म्याच घातली त्यांस्नी. हात धुतलं, बोटं पुसली एकेक. लोण्यागत मऊ हुतं हात. अंगठ्याला एक डाग न्हवता."

त्या उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.